हिची रिलीफ कोण?

प्लग मी काढला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही दुसऱ्या कुणावर संशय घेत बसायला नको. बुधवारची दुपार होती, दोन वाजून गेले होते, माझं वय बाहत्तर होतं, डोकं ठिकाणावर होतं, आणि तरी बाईंच्या घरातला भिंतीवरचा प्लग मी याच हाताने उपसला. वर हात झटकून म्हणाले, "झालं!" एकविसाव्या वर्षी मी पुष्कळ मूर्खपणा केलाय, त्यातला थोडा पुढे सांगणारच आहे. पण तेव्हा कुठली वायर कधी काढायची, एवढं तरी मला बाईंनी शिकवलेलं होतं.

बाई म्हणजे नाशिकच्या ट्रंक एक्स्चेंजमधल्या आमच्या सुपरवायझर. नाव सांगत नाही. तिथे कुणाला नाव नव्हतंच, नंबर होता. मी सात नंबर. लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली, निवृत्त होऊन आम्ही दोघी टेलिफोनवाल्यांच्या सोसायटीत एकाच जिन्यात राहायला आलो, तरी बाई मला खालून हाक मारायच्या, "सात नंबर! भाजीवाला आलाय!" नव्या बिऱ्हाडांना वाटायचं, मी सात नंबरच्या फ्लॅटमध्ये राहते. माझा फ्लॅट अकरा. माझी पत्रं अजून सातमध्ये पडतात.

ज्यांनी ट्रंक कॉल केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा नाशिकहून पुण्याला बोलायचं तर आधी आम्हाला सांगावं लागायचं. आमच्यासमोर एक उंच बोर्ड, त्याला रांगेने भोकं, प्रत्येक भोकाशी एक दिवा. दिवा लागला की वायर खुपसायची, "नाशिक ट्रंक" म्हणायचं, नंबर घ्यायचा, पलीकडच्या गावातल्या आपल्यासारख्याच एखादीला गाठायचं आणि दोन माणसं जोडून द्यायची. मध्येच येऊन "तीन मिनिटं झाली, वाढवू?" म्हणायचं. लोकांनी या वाक्याचा जेवढा राग केला तेवढा दुसऱ्या कुठल्या वाक्याचा केला नसेल.

बाई पायात कापडी बूट घालायच्या, त्यामुळे मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. गिऱ्हाइकाशी बोलताना आपला सूर जरा चढला, की मागून एक बोट यायचं आणि आपल्या दोन भुवयांच्या मधोमध टेकायचं. इस्त्री फिरवावी तसं ते बोट वर सरकायचं.

"आवाजात आठी नको," बाई म्हणायच्या. "आधी इथली काढ."

आणि खरंच, कपाळ सैल सोडलं की आवाज सैल पडायचा. तुम्हीही करून बघा. नवऱ्याशी बोलताना केलंत तर त्याला संशय येईल, पण करून बघा.

मला तेव्हा माझ्या आवाजाचा फार गर्व होता. मनमाडचे रेल्वेतले एक गृहस्थ रोज संध्याकाळी कॉल बुक करायचे आणि आधी विचारायचे, "सात नंबर आहेत का?" झालं, मी एकविसाव्या वर्षात होते, मला आणखी काय हवं? एका संध्याकाळी मी अबोली रंगाची नवी साडी नेसून, गजरा माळून ड्यूटीवर गेले. टेलिफोनवर बोलायला! बाईंनी मला खालून वर पाहिलं. म्हणाल्या, "मनमाडला साडी दिसत नाही गं. आठी तेवढी ऐकू जाते." पुढे दोन महिन्यांनी त्या गृहस्थांनी स्वतःच सांगितलं, माझा आवाज थेट त्यांच्या आत्यासारखा होता. आत्या नुकतीच गेली होती. गजऱ्याचे पैसे वाया.

एकदा एकाच दिवशी माझ्याविषयी दोन चिठ्ठ्या आल्या. एका कांद्याच्या व्यापाऱ्याने लिहिलं होतं, सात नंबरची मुलगी अत्यंत उर्मट आहे, तिला काढून टाका. दुसरी चिठ्ठी पंचवटीतल्या एका गुरुजींची. त्यांनी लिहिलं होतं, सात नंबरची मुलगी साक्षात लक्ष्मी आहे, तिला बढती द्या. बाईंनी दोन्ही कागद माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले.

"तू दोघांशी काय बोललीस?"

"एकच वाक्य, बाई. लाइन बघते, थांबा."

"मग? एकाची लाइन लागली, एकाची नाही लागली. तुझा स्वभाव त्यांनी घरी बसून ठरवला." आणि दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी टोपलीत टाकल्या. लक्ष्मीची मी नंतर हळूच काढून घेतली. अजून कपाटात आहे.

बाईंचा एकच नियम होता, जो मोडला तर त्या चिडायच्या नाहीत, पण बोलायच्या बंद व्हायच्या. बोर्ड रिकामा ठेवायचा नाही. तुमच्या जागी येणारी मुलगी म्हणजे तुमची रिलीफ. ती यायची, खुर्चीच्या मागे उजव्या बाजूला उभी राहायची, पाठीवर हात ठेवून म्हणायची, "मी आले, तू ऊठ." मगच कानावरचं यंत्र काढायचं, तिच्या हातात द्यायचं आणि उठायचं. पाणी प्यायला जायचं तरी रिलीफ. बाथरूमला जायचं तरी रिलीफ.

मी एकदा दोन मिनिटं तशीच उठले. माठ दहा पावलांवर होता हो! परत आले तर माझ्या खुर्चीवर बाई बसलेल्या. त्या अर्ध्या तासाने उठल्या, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "ज्याचा दिवा लागला होता, त्याला वाटलं असेल पलीकडे कोणीच नाही."

इतकी वर्षं झाली, पण मी कुठलाही फोन वाजू देत नाही. कर्ज घ्या म्हणणाऱ्या मुलीशीसुद्धा दोन शब्द बोलते.

बाईंचं विसरणं सुरू झालं ते वारांपासून. "आज वार कोणता?" एकदा, दहादा, चाळीसदा. मी त्यांची एवढी लाडकी, पण पंधराव्या वेळी माझ्या आवाजात आठी यायचीच. त्यांना ती ऐकू जायची. विसरत होत्या सगळं, पण कान पूर्वीसारखाच. मग त्या दोन बोटांनी पदराचं टोक चुरत बसायच्या. ते पाहवायचं नाही.

त्यांचा मुलगा सुहास बंगलोरला. त्याने आईचं बघायला मंदाला ठेवलं. मंदा वणीकडची, पंचेचाळिशीची, अंगाने काटक. दिवसरात्र तिथेच राहायची. आणि दिवाळीला आला तेव्हा सुहासने ती डबी आणली. लाडवाच्या डब्याएवढी, वर निळा दिवा, विचारलं की उत्तर देणारी. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ताटं द्यायची खिडकी आहे, तिच्या कट्ट्यावर त्याने ती मांडली. आणि कंपनीचं इंग्रजी नाव आईच्या लक्षात राहणार नाही म्हणून काहीतरी खटपट करून 'ऑपरेटर' म्हटलं की ती जागी होईल असं केलं. पोरगा हुशार. एवढा हुशार नसता तर बरं झालं असतं.

"ऑपरेटर, आज वार कोणता?" त्याने विचारून दाखवलं.

"आज शनिवार आहे," डबी म्हणाली.

बाई उभ्या राहिल्या. पूर्वी नव्या मुलीची चाचणी घेताना राहायच्या तशा, मान किंचित डावीकडे. स्वतः विचारलं. मग परत विचारलं. सलग नऊ वेळा विचारलं आणि डबीने नऊ वेळा त्याच सुरात शनिवार सांगितला. बाईंचा चेहरा असा उजळला म्हणता!

"मुलगी तयार आहे," त्या मला म्हणाल्या. "आठी नाही. कुठल्या बॅचची?"

मला काय झालं सांगू? जळले मी. बाहत्तराव्या वर्षी, एका डबीवर. एक्स्चेंजमध्ये चार वर्षं घासून मला जे मिळालं नव्हतं ते तिला पहिल्या दिवशी मिळालं.

आता गंमत बघा. डबी एकच, आवाज एकच, पण त्या घरात तिचे चार स्वभाव होते. सुहास म्हणायचा, तिला स्वभावबिभाव काही नाही, नुसतं गणित आहे. आणि हेच तो फोनवर तिला 'थँक यू' म्हणून झाल्यावर सांगायचा. मंदाला ती शिष्ट वाटायची. मंदा विचारायची, "आज लय गरम हाय, पंखा कवा लावू?" आणि डबी म्हणायची, "क्षमा करा, मला ते समजलं नाही." मंदा मला म्हणाली, "आजी, मला वळखून असती ती. मी बोलले का मुद्दाम न्हाय समजत तिला. बाईंचं बरं समजतं!" माझ्या मते ती लाडीगोडी लावणारी होती. मी तिची परीक्षा घ्यायला म्हटलं, "ऑपरेटर, तू मूर्ख आहेस." ती म्हणाली, "मी अजून शिकते आहे." बाई माझ्यावर डाफरल्या, "नव्या मुलीशी असं बोलतात? तू पहिल्या दिवशी बोर्डावर रडली होतीस, विसरलीस?" वार आठवत नव्हता, माझं रडणं बरोबर आठवत होतं.

तुम्ही हसू नका. माझा जावई गाडीत रस्ता सांगणाऱ्या बाईला "गप गं" म्हणतो आणि ती गप्प बसली की म्हणतो, रुसली वाटतं.

बाईंच्या लेखी मात्र ती बोर्डावरची मुलगी होती. कष्टाळू, थोडी भित्री, पुण्याकडची असावी, कारण 'क्षमा करा' म्हणते. आणि बाईंना तिची काळजी वाटायला लागली.

"जेवलीस का गं?" त्या कट्ट्याकडे बघून विचारायच्या. 'ऑपरेटर' म्हणायचं बहुतेक वेळा विसरून जायच्या, त्यामुळे डबी गप्प. पण कट्ट्यापलीकडे स्वयंपाकघरात मंदा असायची. ती पोळ्या लाटता लाटता तिथून ओरडायची, "जेवले, बाई!"

"चहा झाला?"

"झाला, बाई!"

मग बाई निश्चिंत होऊन आपलं ताट पुढे ओढायच्या.

मला हसू यायचं. आणि मग एक दिवस माझ्यातली शहाणी जागी झाली. मी मंदाला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, त्या तुला नाही विचारत, डबीला विचारतायत. तू मध्ये उत्तर देऊ नकोस. आधीच त्यांच्या डोक्यात गोंधळ, त्यात तू भर घालतेस." मंदा हातातलं पीठ झाडत म्हणाली, "मला वाटलं..." आणि थांबली. "बरं," म्हणाली. मी पुढचं विचारलं नाही. माझं काम झालं होतं.

त्या आठवड्यापासून बाईंचं जेवण तुटलं.

"जेवलीस का गं?" त्या विचारायच्या. घर गप्प. आठवणीने 'ऑपरेटर' म्हटलंच, तर डबी सांगायची, "मला भूक लागत नाही, पण विचारल्याबद्दल धन्यवाद."

बाईंचे डोळे भरून यायचे. "नव्या मुली असंच म्हणतात. उठायला भितात." आणि माझ्याकडे वळून, "सात नंबर, ही सकाळपासून एकटी आहे. हिची रिलीफ कोण?"

ताट तसंच राहायचं. मुलगी उपाशी बोर्डावर बसलेली असताना सुपरवायझर कशी जेवणार? कधीच जेवल्या नव्हत्या. त्या एक कप चहा डबीशेजारी नेऊन ठेवायच्या, मंदा तो गार झाल्यावर ओतून टाकायची. महिन्याभरात मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, आणखी आठ दिवस असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी घातली की त्या ती ओढून काढणार, म्हणजे हात बांधावे लागणार. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. आठी नव्हती.

सुहास फोनवर रोज समजावायचा. "आई, ते मशीन आहे." "हो का," बाई म्हणायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा, "हिची रिलीफ कोण?"

"मावशी, तुम्हीच बघा काहीतरी," तो मला म्हणाला.

बघितलं ना! मंदाच्या भाचीचं लग्न होतं वणीला. दीड वर्षात तिची ती पहिली सुट्टी, तीही सुहासला चार वेळा फोन करून मिळालेली. दोन दिवस मी बाईंजवळ राहणार होते. बुधवारी दुपारी आमटी-भात कालवून मी पुढे केला, बाईंनी तोंड फिरवलं, आणि मला युक्ती सुचली.

"बाई, तिची ड्यूटी संपली," मी म्हटलं. "बघा, चालली घरी." आणि प्लग काढला. निळा दिवा विझला. "झालं!"

बाईंनी सुस्कारा सोडला. "बरं झालं. दमली होती." माझा जीव भांड्यात पडला. मी घास उचलला.

"तिच्या जागी कोण आलं?"

"कोणी नाही, बाई," मी खुशाल म्हटलं. "आता सुट्टी."

चाळीस वर्षं बोर्डावर काढलेल्या बाईला मी हे सांगितलं. ही माझी अक्कल.

बाईंनी पदर खोचला. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत कट्ट्यापाशी नेली. ताठ बसल्या. दोन्ही कानांवरून हात फिरवून, नसलेलं यंत्र नीट बसवलं.

"नाशिक ट्रंक," त्या मेलेल्या डबीला म्हणाल्या.

आधी मला हसू आलं. अर्ध्या तासाने आलं नाही. "बाई, चला, पडा जरा." त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "बाई, पाणी घ्या." मान हलवून नकार. मध्येच, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" मी घाबरून प्लग परत लावला, दिवा पेटला, मी हाक मारली, "ऑपरेटर!"

"सांगा, मी काय मदत करू?"

बाई माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. "ही तीच मुलगी. घरी पोचलीसुद्धा नसेल. कोणी बोलावलं हिला परत?"

"मी."

"लाज वाटत नाही?" मग डबीला, मऊ आवाजात, "तू जा बाळ. मी बसते."

"क्षमा करा, मला ते समजलं नाही."

"बघ," बाई म्हणाल्या, "ऐकूही येईनासं झालंय तिला."

मी सुहासला फोन लावून स्पीकरवर टाकला. "आई, मी सुहास. ऊठ ना गं." बाई अदबीने म्हणाल्या, "बोर्डावर पर्सनल कॉल घेत नाही. घरी करा." तो पलीकडे रडत होता की रस्त्याचा आवाज होता, मला कळलं नाही. म्हणाला, "मावशी, विमान बघतो." बंगलोरहून विमान बघून काय होणार होतं?

पाचच्या सुमाराला खुर्चीखालून एक धार निघाली आणि फरशीवरून माझ्या पायापर्यंत आली. बाई समोर बघत बसल्या होत्या. आमच्या पदराची पिन तिरकी असली तर आरशापुढे पाठवणाऱ्या बाई. त्या हलल्या नाहीत. रिलीफ नव्हती ना.

आणि मी ओरडले. सांगायला नको वाटतं, पण ओरडले. "बाई, यंत्र आहे हो ते! आत कोणी नाही! कोणीसुद्धा नाही तिथे!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "ज्याचा दिवा लागलाय, त्यालाही असंच वाटत असेल. म्हणून तर बसलेय."

मी भिंतीला टेकून खाली बसले. मग केव्हातरी माझे पायच उठले म्हणा. मी दाराबाहेर गेले. जिन्यात चपला काढल्या. पदर खांद्यावर घेतला, पिन सरळ केली, आत आले, खुर्चीच्या मागे उजव्या बाजूला उभी राहिले आणि बाईंच्या पाठीवर हात ठेवला. हाताला नुसती हाडं.

"बाई, सात नंबर. मी आले, तुम्ही उठा."

आवाज फाटला माझा. बाईंनी मागे न बघता हात वर केला, चाचपडत माझं कपाळ शोधलं. बोट दोन भुवयांच्या मध्ये टेकलं. वर सरकलं.

"आठी," त्या म्हणाल्या. "परत."

मी परत म्हटलं. त्यांना पटलं नाही. तिसऱ्यांदा कपाळ सैल सोडून म्हटलं, तेव्हा त्यांनी कानावरचं नसलेलं यंत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते घातलं. हो, घातलं. बाई कट्ट्याला धरून उठल्या आणि मी त्या ओल्या खुर्चीवर बसले.

आता पंचाईत अशी, की बाईंना न्हाणीघरात न्यायचं तर मी बोर्ड सोडायचा, आणि मी सोडला की त्या परत बसणार. मी डबीला म्हटलं, "ऑपरेटर, पाच मिनिटं सांभाळ गं."

"पाच मिनिटांचा टायमर लावला आहे," डबी म्हणाली.

"पाचच," बाईंनी तिला बजावलं, आणि मुकाट्याने माझ्याबरोबर आल्या. घाईघाईने धुतलं, कोरडं लुगडं गुंडाळलं. पाच मिनिटांनी टायमर वाजला तेव्हा बाई म्हणाल्या, "वेळेची पक्की आहे पोरगी."

रात्र व्हायच्या आत त्यांनी वाटीभर खिचडी खाल्ली. आधी विचारलं, "ती जेवली?" मी बोर्डावरून सांगितलं, "जेवली, बाई. वरण-भात."

शुक्रवारी मंदा लग्नाचे लाडू घेऊन परतली. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मंग मी म्हनू का परत, जेवले म्हून?"

"म्हण बाई, म्हण," मी म्हटलं. तेव्हाही मला दुसरं काही सुचलं नाही.

त्यानंतर सात महिने मी रोज दोनला खाली जाऊन रिलीफ दिली. पेन्शन घेऊन ड्यूटी करणारी नाशिकमधली मी एकटीच असेन. बाई जेवायच्या, झोपायच्या. नळी टळली. बाकी काही टळलं नाही. हळूहळू 'सात नंबर' गेलं, मग सुहासचं नाव गेलं, मग 'ट्रंक' गेलं. कट्ट्याकडे बघून "जेवलीस का गं?" तेवढं शेवटपर्यंत राहिलं. मी तिथे बसून नुसती बघायचे. आणखी काय करणार होते?

एका सकाळी मंदा वर आली. "आजी, बाई उठंनात."

मी गेले तेव्हा कट्ट्यावर निळा दिवा चालू होता. बाईंच्या कपाळावर आठी नव्हती. मी तरी बोट टेकवलं, वर सारलं.

चौदावा झाल्यावर सुहासने घर बंद करायला घेतलं. डबी काय करायची, म्हणाला, मावशी, तुम्ही न्या. मी तिचा प्लग काढायला सांगितला त्यालाच. माझा हात धजला नाही.

मंदा जिन्याच्या पायरीवर रिक्षाची वाट बघत बसली होती. शेजारी एक पिशवी, दोन वर्षांचा संसार तेवढाच. आता सातपूरला एक म्हातारे आहेत, तिथे दिवसरात्र राहायचं, असं तिने सांगितलं. मला काहीतरी बोलायचं होतं आणि सवयीने बाईंचंच वाक्य तोंडातून गेलं.

"जेवलीस का गं, मंदा?"

मंदाने पिशवी जवळ ओढली, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. म्हणाली, "आजी, त्या घरात हे मला फकस्त बाईंनीच इचारलं. रोज इचारलं. मला इचारायच्या का डबीला, ते देवाला ठाव. तुमी बंद कर म्हनल्या तेवढे दिस सोडले, तर मी आपली दर बारीला 'जेवले' म्हनायचे."